नामदेव मास्तरांचा ऑस्ट्रेलिया

नामदेव मास्तरांच्या घरी सिनेमा कधी सलग चालला नाही. रिमोट त्यांच्याच हातात असे आणि अंगठा कायम थांबवायच्या बटणावर. राजूरचा बाजार उरकून वाडीतली माणसं दुपारी त्यांच्या पडवीत टेकली, की ते टीव्ही लावत आणि इंग्रजी बोलण्याचं मराठी तिथल्या तिथं करून सांगत. सिनेमे एकाच देशाचे, ऑस्ट्रेलियाचे. तांबडी माती, घोड्यावरचे गोरे पोलीस, आणि त्यांच्या पुढं अनवाणी चालणारा एक काळा माणूस, अंगावर पोलिसांनीच दिलेला कोट. तो वाकून गवताची मोडलेली काडी बघायला लागला, की मास्तर चित्र थांबवत आणि माझ्याकडं न बघता म्हणत, "बाळू, हा काय करतोय, सांग सगळ्यांना."

"माग काढतोय, गुरुजी."

"कुनाचा?"

"त्याच्याच माणसांचा."

"बरं. बस."

मग चित्र पुढं सरके. हे आठ वर्षं चाललं. वाडीला वाटे, मास्तर जुन्या विद्यार्थ्याची गंमत करतात. ती गंमत नव्हती. मास्तर माझ्यावर सूड घेत होते आणि तो घ्यायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. का, ते त्या आठ वर्षांत मी कुणाजवळ बोललो नाही. घरीसुद्धा नाही.

हा देश मास्तरांना सापडला तो बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात. निवृत्तीनंतर त्यांनी मोठा टीव्ही घेतला होता. दुकानदाराने पेन ड्राइव्हमध्ये घोड्यांवरची मारामारी म्हणून जे भरून दिलं, ते निघालं ऑस्ट्रेलियाचं. पुढच्या बाजाराला मास्तर स्वतःच गेले आणि तसलंच आणखी भरून आणलं. सिनेमे, माहितीपट, तिकडच्या मालिकासुद्धा. हजारो मेंढ्यांचा कळप दिसला की म्हणत, "एवढी मेंढरं, आन धनगर एकबी न्हाई." एका मालिकेत सगळी गल्ली दिवसभर एकमेकांच्या घरी चहा पीत बसायची. त्यांची भावजय हौसाबाई हिला ती फार आवडायची. तिनं एकदा विचारलं, "भाऊजी, ही मानसं शेतात कवा जात्यात?" मास्तर म्हणाले, "ते शेत कुनाचं हुतं, हेच त्यांना ठावं न्हाई. जाऊन काय करत्यात?"

एका माहितीपटात एक म्हातारी वाळल्या गवताला हाताने आग लावत चालली होती. जमीन जाळून ताजी करायची ही तिच्या लोकांची जुनी रीत. आणि किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजांनी लिहून ठेवलं, की ही भूमी रिकामी आहे, इथं कुणी कसत नाही. मास्तरांनी तिथं चित्र थांबवलं आणि बराच वेळ चालू केलंच नाही. "राब भाजतीया बघा ती," ते म्हणाले. "आन हा लिवतोय, रिकामी. लिवनाऱ्याला राब म्हंजे काय ते म्हाईत न्हवतं. त्याला एक वेळ माफी हाय. ज्याला म्हाईत हुतं आन तरी लिवलं, त्याला न्हाई."

माणसांनी माना डोलावल्या. मी चपला शोधत होतो.

आता सांगतो. सिनेमांच्या आधीची गोष्ट. मी वनखात्यात रोजंदारीवर होतो आणि कायम होण्याच्या रांगेत होतो. मास्तरांचा धाकटा भाऊ केरू डोंगराच्या उतारावर नागली-वरई करायचा. असं रान दोन-तीन वर्षं पिकवायचं, मग तितकीच वर्षं पडीक सोडायचं, आणि परत धरताना झुडपं तोडून तिथंच जाळायची, म्हणजे राब भाजायचा. आमच्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही माहीत. माझा बाप हेच करत मेला. केरूनं रान परत धरलं त्याच वर्षी खात्याची तुकडी आली. वाट दाखवायला मी होतो. साहेबांनी जमिनीवरची राख बघितली आणि म्हणाले, हे नवीन तोडलंय, तसा पंचनामा लिही. मी म्हणू शकलो असतो, साहेब, हे जुनं रान आहे, राखेखाली जुन्या बांधांच्या दगडी ताली बघा. मी लिहिलं, "सदर क्षेत्र नव्याने तोडलेले असून पूर्वी वहिवाट नाही." खाली सही केली. पाच महिन्यांत मी वनरक्षक झालो.

त्या कागदावर केरूचं खोपटं मोडलं, उभी वरई उपटली, आणि पुढं वनहक्काचा दावाही फेटाळला गेला. केरू कोपरगावकडं ऊसतोडीला गेला आणि तिकडंच वारला. त्याची बायको हौसाबाई दीराच्या दारी आली.

मास्तरांना कळलं ते अपिलासाठी कागदांच्या नकला काढल्यावर. त्यांनी मला बोलावून पंचनामा पुढं धरला. ओरडले नाहीत. म्हणाले, "नाव न्हाई बघितलं मी. अक्षर बघितलं. ह्यो 'क्ष' मी तुला चौथीत हाताला धरून शिकवलाय." मग म्हणाले, "बाजाराच्या दिशी येत जा सिनेमाला." मी जात राहिलो. न जावं तर वाडीनं विचारलं असतं, का रे येत नाहीस?

सहा वर्षांनी धीर करून मी शाल आणि नारळ घेऊन गेलो. माफी मागायला. मास्तरांनी शालीकडं बघितलं आणि टीव्ही लावला. तिकडची संसद होती. पंतप्रधान उभे राहून, आईबापांपासून तोडून नेलेल्या काळ्या पोरांची माफी मागत होते. गॅलरीत म्हाताऱ्या बाया रडत होत्या. टाळ्या संपेपर्यंत मास्तरांनी चित्र थांबवलं नाही. मग माझ्याकडं वळले.

"लई चांगलं बोलला का न्हाई?"

"हो, गुरुजी."

"मलाबी रडू आलं पहिल्यांदा. मग परत लावून बघितलं. जमिनीचं कुठं काय बोलला, ते शोधत हुतो." मग शाल माझ्याकडं सरकवून म्हणाले, "तुला हलकं व्हायचंय, बाळू. ते तुझं काम, देवळात जाऊन कर. मला कागद पायजे. मी खोटं लिवलं, असा, तुझ्या अक्षरात. शाल घिऊन जा."

मी शाल घेऊन आलो. आणि कागद लिहायला मला आणखी दोन वर्षं लागली. वनपालाची बढती तोंडावर होती, मुलीचं लग्न व्हायचं होतं. कारणं खरीच होती सगळी. त्या दोन वर्षांत मास्तर प्रत्येक बाजाराला तोच प्रश्न विचारत राहिले. शेवटी त्यांना धाप लागायला लागली तरी प्रश्न सोडला नाही, शब्द तेवढे कमी केले. चित्र थांबवून नुसतं म्हणत, "बाळू."

मागल्या उन्हाळ्यात मी लिहिलं. जमीन जुन्या वहिवाटीची होती, हे मला माहीत होतं, नोकरीसाठी मी खोटा पंचनामा केला. ग्रामसभेत मीच उभा राहून वाचलं. खाटेवरून उचलून आणलेले मास्तर भिंतीला टेकून होते. म्हणाले, "पुन्ना वाच. दमानं." मी दुसऱ्यांदा वाचलं. तेव्हा वाडीला आठ वर्षांचा अर्थ लागला असावा, कारण वाचून होईपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी झाली होती.

माझी खात्यात चौकशी लागली. ती चालू आहे. माझा कागद अपिलाला जोडल्यावर हौसाबाईचा दावा मंजूर झाला, मोजणी झाली. पावसाळ्यात तिनं वरई पेरली, तेव्हा मी मास्तरांना सांगायला गेलो. वाटलं, आज तरी पूर्वीसारखं 'बस' म्हणतील. ते म्हणाले, "ठावं हाय मला," आणि कूस बदलली.

दिवाळीनंतर ते गेले. मी पोचलो तेव्हा ताटी बांधून झाली होती. ती उचलायला माणसं वाकली तसा मीही वाकलो. हौसाबाईनं माझं मनगट धरलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"भाऊजी सांगून गेल्यात," ती म्हणाली. "बाळूला खांद्याला लागू द्यायचं न्हाई."

चौघांनी खांदा दिला. मी बाजूला झालो, आणि सगळी माणसं पुढं गेल्यावर मागून चालायला लागलो.