तेल तोडलं, तरी बेअरिंग गप्प होतं

इथल्या जुन्या मेंबरांना माहीत आहे, अशा गूढ अनुभवांच्या धाग्यांवर मी येते ती फक्त 'याला सायंटिफिक कारण असेल' एवढं लिहायला. गेल्या हिवाळ्यापासून मात्र मी गप्प आहे... का, ते आज सांगते.

मी मूळची पुण्याची, मेकॅनिकल इंजिनिअर. राहते इंग्लंडमध्ये रीडिंगला, नोकरी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका टेस्ट लॅबमध्ये. आम्ही घरं गरम करणाऱ्या हीट पंपांचे स्क्रोल कॉम्प्रेसर तपासतो. आत एका स्थिर सर्पिलात दुसरं सर्पिल घुमतं आणि गॅस दाबला जातो. ते घुमवणारा शाफ्ट बेअरिंगला टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल नसेल तर धातूवर धातू घासतो, मशीन किंचाळतं आणि जाम होतं. त्या दुपारी तेल मुद्दाम बंद करून आम्हाला तेच बघायचं होतं.

टेस्ट रूमच्या काचेबाहेर आम्ही तिघं — मी, मॅनेजर डेरेक आणि सहकारी समीर, नागपूरचा. मी तेलाचा व्हॉल्व्ह बंद केला. काही मिनिटांत आवाज वाढायला हवा होता. उलट तो कमी होत गेला... आणि थांबलाच. स्क्रीनवर मात्र मोटर फुल लोडवर!

"सेन्सर गेला असेल," समीर म्हणाला. "मी बघून येतो."

"अरे, प्रेशर आहे आत. नको जाऊस."

"दोन मिनिटं गं."

डेरेक फोनवर होता. समीर आत शिरला, मी दारापर्यंत गेले. त्याने कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळून बघितलं. "फिरतंय हे... पण आवाजच नाही."

खरंच नव्हता. मोटरची घरघरही नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं.

आणि त्या शांततेत हाक आली — "समीर, मागे हो!"

माझाच आवाज. माझं तोंड मिटलेलं होतं. समीर दचकून माझ्याकडे धावला, आणि तो उभा होता तिथेच पाइपचा जॉइंट फुटला. गरम गॅसचा झोत सरळ समोरच्या भिंतीवर. मी इमर्जन्सी स्टॉप दाबला.

डेरेकने फक्त विचारलं, "व्हाय डिड ही जंप?" त्याने हाक ऐकलीच नव्हती.

नंतर कॉम्प्रेसर उघडला. बेअरिंग कोरडं ठणठणीत, तेलाचा थेंब नाही. पण ओरखडाही नाही, अगदी नव्यासारखं. मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात व्हॉल्व्ह बंद झाल्यापासून शेवटपर्यंत धातूची भयानक किंचाळी आहे, कान फाटतील अशी. डेरेक म्हणतो, त्यालाही तीच ऐकू येत होती. एवढं घासलेलं बेअरिंग असं निघूच शकत नाही. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये हाक कुठेच नाही.

महिन्याभराने कँटीनमध्ये मी समीरला विचारलं, "तू ऐकलंस ना? माझाच आवाज होता ना?"

त्याने कप खाली ठेवला. "तुझाच होता. पण म्हातारा होता गं. सत्तरीतली बाई बोलावी तसा."

मला याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि आता कमेंट्समध्ये कोणी कारण सांगितलं तरी मी वाद घालणार नाही. एवढंच खात्रीने सांगते, की त्या दुपारी समीरला हाक मी मारली नव्हती.

अजून तरी नाही.