ना खायला, ना देवाला

रांजणगावला कंपन्या आल्या आणि कारेगावात खोल्या उगवल्या. ज्याच्या दारात चार पावलं मोकळी जागा, त्यानं तिथं पत्रे टाकले आणि कामगार भाडेकरू ठेवले. आमच्या घरापुढंही जागा होती. मी तिथं झाडं लावली, आणि त्यावरून आमच्या घरात दोन वर्षं भांडण चाललं.

साल अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव असेल. मी एका कंपनीत बागकामाच्या ठेक्यावर होते. आम्ही आठ जणी होतो. लॉनला पाणी द्यायचं, मेंदीचं कुंपण छाटायचं, पाचोळा गोळा करायचा. कंपनीच्या रिसेप्शनला काचेच्या दाराशी कुंड्या होत्या. त्यांतली झाडं अननसाच्या शेंड्यासारखी दिसायची, पण पानांवर पिवळे पट्टे आणि मधला गाभा लालभडक. त्या गाभ्यात वाटीत साठावं तसं पाणी साठलेलं असायचं. कुंडीवर चिठ्ठी होती, ती मी अक्षर अक्षर लावून वाचली. ब्रोमेलियाड.

पुण्याहून एका नर्सरीची गाडी यायची, जुन्या कुंड्या काढून नव्या ठेवायची. जुनी झाडं कॅन्टीनच्या मागं कचऱ्यात पडायची. एकदा मी वाकून बघितलं, तर सुकत चाललेल्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी दोन-तीन हिरवी पिलं. केळीला फुटतात तशी. मी सुपरवायझरना विचारलं, "साहेब, ही नेऊ का?"

"न्या की. पण तुमच्याकडं जगायची न्हाईत. एसीतली झाडं हायेत ती."

गेटवर सिक्युरिटीनं अडवलं. कंपनीतून काडीसुद्धा बाहेर न्यायची तर गेटपास लागायचा. सुपरवायझरनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'कचरा, एक पोतं'. ते पोतं डोक्यावर घेऊन मी कंपनीच्या बसमध्ये चढले. घरी येईस्तोवर पानांच्या कडेच्या काट्यांनी मानेवर ओरखडे काढले होते.

मी मोजून अकरा पिलं लावली. काळी माती, वर भरपूर लेंडीखत. आमचं घर मूळचं मेंढरांचं, लेंडीखताला तोटा नव्हता. पंधरा दिवसांत सहा पिलं बुडापासून कुजली. उरली ती जगली, पण पार हिरवी पडली. पट्टे गेले, लाली गेली. बघणारे हसायचे. "काय वो, अननस कवा धरनार?" पलीकडं वेगळी चूल मांडलेले थोरले दीर तर रोज बोलायचे. ते माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती. सासऱ्यांकडं, म्हणजे आप्पांकडं तोंड करून, पण मला ऐकू जाईल असं बोलायचे.

"आप्पा, ना खायला, ना देवाला. वर काटे. असलं झाड दारात लावत्यात व्हय?"

मला राग यायचा तो त्यांचा नव्हे, झाडांचा यायचा. कंपनीतल्या काचेमागं नटून बसतात आणि माझ्या दारात आली की मान टाकतात! मनाशी म्हटलं, तुम्हाला इथंच लाल करून दाखवीन.

वाट दाखवली ती आप्पांनी. तरुणपणी ते मेंढरं घेऊन दरवर्षी कोकणात उतरायचे. एके दिवशी बाजेवर बसून त्यांनी एक कुजलेलं पिलू हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "पोरी, याला मुळ्या कुठं हायेत जेवायला? ह्या धरून ठेवायच्या मुळ्या. तिकडं घाटात झाडाच्या फांदीवर असलं काय काय वाढतं. माती न्हाई, खत न्हाई. तू याला लई खायाला घातलंस."

मी सगळं खणून काढलं. बांधकामावरच्या फुटक्या विटांचे तुकडे आणले, नारळाच्या शेंड्या आणल्या. त्यात ती पाच पिलं बसवली. जागाही बदलली. आधी ती भिंतीच्या सावलीत होती. आता अंगणातल्या बाभळीखाली नेली, जिथं सकाळचं ऊन सरळ यायचं आणि दुपारचं चाळून. बोअरच्या पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडायचे, म्हणून पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवलं. दिवाळीनंतर थंडी पडली आणि एका झाडाचा गाभा गुलाबी झाला. मग लाल. संक्रांतीपर्यंत पाचही झाडं अशी रंगली की रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून बघायचे. मी कंपनीतून आणखी पोती आणली. पिवळ्या पट्ट्यांची, जांभळ्या ठिपक्यांची. दोन वर्षांत अंगण भरलं.

अंगण भरलं तसं दिरांचं डोकं फिरलं. त्यांच्या चार खोल्या आधीच झाल्या होत्या आणि त्यांना आमच्या घरापुढं आणखी सहा टाकायच्या होत्या. जागा आप्पांच्या नावावर, वाटण्या झालेल्या नव्हत्या. माझे मालक मोठ्या भावापुढं कधी बोलले नाहीत. शिफ्ट करायची, जेवायचं, झोपायचं.

त्या वर्षी पावसाळा सरताना खोल्यांतल्या दोघा भाडेकरूंना थंडीताप आला. आरोग्य केंद्राचे कर्मचारी घरोघर पाणी तपासत आमच्या दारात आले. दीर त्यांना घेऊन सरळ माझ्या झाडांपाशी आले. कर्मचाऱ्यांनी एका झाडाच्या गाभ्यात बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

खोटं नव्हतं ते. माझ्याच झाडात होत्या.

"ताई, उपटून टाका ही सगळी."

दीर आप्पांना म्हणाले, "आता तरी पटलं का?"

मी त्या कर्मचाऱ्यांना विचारलं, "अळीचा डास व्हायला किती दिवस लागत्यात?"

"आठ-दहा दिवस."

"मग मी दर तिसऱ्या दिवशी पाणी उपसून टाकीन आन् ताजं घालीन. तुम्ही आठ दिवसांनी या. एक जरी अळी घावली तर तुमच्या देखत उपटते."

"ताई, साठलेलं पाणी काढायचं, असा नियम आहे."

"मग पाणीच काढते की. झाड कशाला काढू?"

ते हसले. वहीत काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, "आलाच हाय तर खोल्यांमागची टाकीबी बघा." दीर म्हणाले, तिथं काय बघायचंय. पण मी पुढं चालू लागले होते. सिमेंटची उघडी टाकी होती, भाडेकरूंच्या वापरायच्या पाण्याची. बॅटरीची गरजच पडली नाही. वरूनच दिसत होतं. कर्मचाऱ्यांनी पुन्हा वही उघडली.

आठ दिवस मी बादली आणि तांब्या घेऊन एकेक झाड धुतलं. दंडांवर काट्यांच्या रेघाच रेघा. बरोबर आठव्या दिवशी ते कर्मचारी आले, वीस-पंचवीस झाडं तपासली आणि निघून गेले. अळी सापडली नाही. टाकीवर त्याच आठवड्यात झाकण बसलं.

निमित्त हातचं गेलं, तेव्हा दिरांनी सरळच हात घातला. एका सकाळी उठून बघते तर अंगणात फक्कीच्या पांढऱ्या रेघा. सहा खोल्यांचे चौकोन माझ्या झाडांच्या मधून आखलेले. मी खराटा घेतला आणि रेघा झाडायला लागले. तिसरा चौकोन झाडत असताना दीर धावत आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"अंगण झाडतीय."

"जागा आमची हाय."

"सातबाऱ्यावर आप्पांचं नाव हाय, मला ठावं हाय. भांड्यांवर तुमची नावं, दारावर तुमची नावं. पर दगडं मी वेचलीत हितली. मी हितनं हलनार न्हाई, भावजी."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. शेजारच्या बायका दारात आल्या. तेवढ्यात मालक रात्रपाळी करून आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि डबा घेऊन आत जाऊन झोपले. ते मला आजही लागतं. दिरांचं बोलणं मी विसरले, ते आत जाणं विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. पुन्हा फक्की मारली गेली. मी झाडांच्या मधे पाट टाकून बसले. कामावर गेले नाही, खाडा झाला. ऊन चढलं तसे आप्पा काठी टेकत आले, त्यांची बाज ओढायला मला सांगितलं आणि माझ्याशेजारी आडवे झाले. गवंड्यानं तंबाखू मळली, बराच वेळ वाट बघितली आणि दिरांना म्हणाला, "म्हाताऱ्याच्या बाजेखाली मी टिकाव मारायचा न्हाई. मागं जागा असंल तर सांगा."

खोल्या मागं झाल्या. सहाच्या तीन झाल्या. दीर पुढं कैक वर्षं आमच्या घरी जेवले नाहीत. दिवाळीच्या फराळाला जाऊबाई एकट्या यायच्या. मी माफी मागितली नाही. कशाची मागायची? आप्पा गेले तेव्हा तेराव्याला दीर आणि मी एकमेकांसमोर बसलो, आणि तेव्हाही बोललो नाही.

मागच्या खोल्यांत बिहारचं एक जोडपं राहायला आलं. नवरा कंपनीत वेल्डर, बायको जेमतेम विशीची. रोज माझ्या अंगणातून जायची आणि वाकून झाडांच्या गाभ्यात बघायची. तिला मी पाणी कसं पालटायचं ते शिकवलं. तीन वर्षांनी नवऱ्याचं काम सुटलं आणि ते गावी परत निघाले. जाताना तिनं एकच गोष्ट मागितली. मी दोन पिलं कापून काढली, शेंडीत गुंडाळली, वरून ओला पेपर बांधला. सांगितलं, आठवडाभर माती नाही मिळाली तरी मरायची नाहीत.

त्यांना गाडीत बसवायला मी दौंडला गेले. फलाटावर तिचा नवरा सामान मोजत होता. पिशवीतून पानं बाहेर आलेली बघून वैतागला. "ये काँटे कहाँ ले जाओगी? यहीं छोड़ दो।"

तिनं पिशवी छातीशी धरली. "मैं नहीं छोड़ूँगी। बैग छोड़ दो चाहे।"

गाडी आली. त्यानं बॅगा चढवल्या, तिनं पिशवी चढवली. खिडकीतून तिनं मला हात केला तेव्हा तिच्या मनगटावर ताजा ओरखडा होता.