दूताचं काम कोण वाचणार?

"हे काम मी नाई वाचनार, मॅडम."

देवानंद उभा राहून बोलला आणि परत खाली बसलाच नाही. बी.ए. फायनल, मराठी वाङ्मय, वर्गात सगळे मिळून सातजण. त्या वर्षी अभ्यासक्रमात मराठी अनुवादातली एक ग्रीक शोकांतिका होती. नाटक नुसतं समजावून सांगण्यापेक्षा वाचून घ्यावं, म्हणून मी कामं वाटत होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याकडून चंद्रपूर जिल्ह्यातल्या या जंगलाकडेच्या कॉलेजात येऊन मला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

शोकांतिका म्हणजे मोठ्या माणसाचा स्वतःच्याच हट्टापायी झालेला नाश. त्यात कोरस असतो, म्हणजे गावकऱ्यांचा घोळका. तो मध्ये मध्ये बोलतो, गातो. दंडार, म्हणजे इकडचं गाण्या-नाचाचं लोकनाट्य, बघत वाढलेल्या माझ्या मुलांना हे फोड करून सांगावं लागलं नाही. दूत मात्र सांगावा लागला. ग्रीक नाटकात मरण सहसा प्रेक्षकांसमोर होत नाही. ते आत, राजवाड्यात होतं, आणि मग एक माणूस येऊन काय झालं ते सांगतो. तो दूत. त्याचं भाषण बहुतेक वेळा अख्ख्या नाटकात सगळ्यात भारी असतं. देवानंद गावच्या नाटकात कामं करायचा, आवाज खणखणीत. म्हणून ते मी त्याला दिलं. माझ्या लेखी तो मान होता.

"काऊन रे?" मी विचारलं. दोन वर्षांत तेवढा एक शब्द मी बरा उचलला होता.

"आमच्या घरी हे काम बंद हाये."

बाकीची मुलं बाकाकडे बघायला लागली. मला वाटलं, याला राजाच व्हायचं असणार. आणि माझा राग तर नाकाच्या शेंड्यावर.

"मग तुझ्यासाठी वर्गही बंद," मी म्हटलं.

त्यानं वही उचलली आणि तो गेला. तीन आठवडे आला नाही.

एके दिवशी प्राचार्यांनी मस्टर पुढं सरकवलं. "याची अटेंडन्स भरत नाही मॅडम. परीक्षेचा फॉर्म अडकेल. नाव कमी करून टाकू?"

म्हणजे पोराचं वर्ष जाणार. त्याच्या घरातला कॉलेजपर्यंत पोचलेला तो पहिलाच होता. मी दोन दिवस मागून घेतले. वर्गातल्या शालूला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमी त्याच्या घरी जाऊन या, मॅडम. ते आमी सांगनं बरोबर नाई."

रविवारी एस.टी.नं त्याच्या गावी गेले. अंगणात त्याचे आजोबा बाजेवर बसले होते. सगळे त्यांना आबाजी म्हणत. माझ्यासाठी आतून खुर्ची आली, घासून लख्ख केलेल्या पेल्यात पाणी आलं. मी प्यायले. आबाजी माझ्याकडे बघत होते. पेला रिकामा झाल्यावरच ते बोलले.

"बाई, आमच्या लोकायकडं गावकीचं काम होतं. गावात कोनी मेलं, का सोयऱ्याच्या गावी सांगावा घेऊन जा लागे. पायी, जंगलातून. आंगनाच्या बाहेर उभं राहून सांगा लागे. सांगतलं का वापस. पानीबी कोनी विचारे नाई. माह्या बापानं हेच केलं, म्याबी केलं."

"मग?"

"मंग छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. वापस आलो अन् गावाले सांगतलं, आता आपलं मरन आपनच सांगा. वर्षभर कोनी मजुरीले बोलावलं नाई. पन पुन्हा गेलो नाई."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ज्या कामाला या माणसानं उपाशी राहून नकार दिला, तेच मी त्याच्या नातवाला सगळ्यांसमोर, वर मोठा मान म्हणून, दिलं होतं.

"मला हे माहीत नव्हतं, आबाजी."

"आता झालं ना मालूम." त्यांनी तंबाखू मळायला घेतली. "तुमच्या नाटकातला तो मानूस सांगून झाल्यावर कुठी जाते?"

मी आठवून पाहिलं. "ते लिहिलेलं नाही."

"त्याचं नाव काय?"

"नावही नाही. नुसतं दूत."

आबाजी हसले. "मंग तो आमचाच."

देवानंद दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, "चूक माझी आहे. उद्या ये. दूत मी वाचते."

"अन् मी?"

"तू सांग."

"राजा," तो म्हणाला.

सोमवारी त्याच्या अर्जावर मी शेरा लिहिला, 'गैरहजेरी शिक्षिकेच्या चुकीमुळे.' प्राचार्यांनी चष्मा काढला.

"असं कोणी लिहितं का, मॅडम?"

"झालं तेच लिहिलंय, सर."

त्यांनी मान हलवत सही केली. फॉर्म गेला.

त्याच दिवशी वाचन झालं. ठरल्याप्रमाणे दूत म्हणून मी दारातून आत आले, पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य सुरू करणार, तोच राजानं हात वर केला.

"थांबा. अगुदर बसा. शालू, याले पानी दे. मंग सांगू दे त्याले."

हे पुस्तकात नव्हतं. शालू खरंच उठली, कोपऱ्यातल्या माठातून ग्लास भरून घेऊन आली. मी बसले, पाणी प्यायले आणि मग मरणाची बातमी सांगितली. वर्गात कोणी हसलं नाही.

देवानंद सेकंड क्लासमध्ये पास झाला. मी पुढं खूप वर्षं तो पेपर शिकवला. त्यातून एवढंच शिकले, की कामं वाटण्याआधी विचारावं. "दूत कोण वाचणार?" असं मी दर वर्षी विचारायचे. हात वर झाला तर ठीक, नाहीतर मी होतेच. वाचणारा कोणीही असो, टेबलावर पाण्याचा ग्लास मी आधीच भरून ठेवायचे.