रिफंड माझ्यामुळे अडला होता

मित्रांनो, हे लिहितानाही लाज वाटतेय.

मी उल्हासनगरात टॅक्सची कामं करतो. अंबरनाथच्या सविताताई कापडी पिशव्या शिवून परदेशी पाठवतात. माल पाठवताना वाहतुकीवर भरलेला जीएसटी त्यांना परत मिळणार होता. मी अर्ज भरायचाच विसरलो आणि मुदत निघून गेली. "जीएसटी ऑफिसवाले अडवतायत," असं त्यांना वर्षभर सांगत राहिलो.

आज त्या तावातावाने आल्या. "सर, जीएसटी ऑफिसातल्या साहेबांशी भांडून आले. तुमचा अर्जच आला नाही म्हणतात, खोटारडे!"

मग मात्र मी सगळं कबूल केलं.

त्या उठल्या. "त्या साहेबांची माफी मागून येते."

त्यांच्यासोबत जायला हवं होतं, पण मी खुर्चीतच बसून राहिलो. तुम्ही गेला असतात?