अण्णांच्या वाटेवरचा जिराफ

या दुकानाला पाटी नाही, आणि असती तरी तिच्यावर काय लिहायचं हा प्रश्नच होता. लोक नुसतं 'वहिनींचं दुकान' म्हणतात. वहिनी कोणाच्या, हे विचारू नये. बापाच्या वयाची माणसंही त्यांना वहिनीच म्हणतात. नवरा मालवाहू जहाजावर आचारी. जहाज बंदराला लागलं की हा बाजारात शिरतो आणि दिसेल ते घरी धाडतो. लाकडी मुखवटे, निळ्या फरशा, गालिचे, काटे नसलेलं घड्याळ, पोट सुटलेला एक पितळी बेडूक. "आमच्याकडे हे येत नाहीत, पेट्या येतात," असं म्हणून वहिनी हसतात. त्या हसण्यात राग अजिबात नसतो, असं मी तरी शपथेवर सांगणार नाही.

दुकान म्हणजे घराचाच तळमजला. पुढे माल, मागे स्वयंपाकघर, आणि मधली रेघ कुठे आहे ते वहिनींनाही ठाऊक नाही. ज्या खुर्चीत बसून त्या भाजी निवडतात, तिलाही किंमत लावलेली असते. गिऱ्हाईक आलं की उठायचं, भाजी ताटात, खुर्ची गिऱ्हाइकाला. एकदा तर जेवता जेवता टेबलच विकलं गेलं आणि उरलेलं जेवण खिडकीशी उभ्यानं उरकावं लागलं.

अशा घरात राहायचं तर डोळे धड हवेत, आणि वहिनींच्या सासऱ्यांचे, अण्णांचे, तेच गेले. काचबिंदू. जन्मभर शहराच्या बस चालवलेला माणूस. दिसेनासं झालं तेव्हा शेजारच्या शहाण्यांनी सल्ला दिला, की दुकान तरी बंद करा, नाहीतर म्हाताऱ्याला एका खोलीत तरी बसवा. वहिनींनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. रोज दुकान बंद केलं की त्या अण्णांचा हात धरून फेरी मारतात. काय गेलं, काय आलं, सगळ्यावरून त्यांचा हात फिरवून घेतात. खाटेवरून उठलं की गालिच्यांची चळत, मग पेटारा, पेटाऱ्यापुढे लाकडी जिराफ. जिराफाच्या मानेला हात लावून डावीकडे वळलं की स्वयंपाकघर आणि न्हाणी.

"बदलू दे की सारखं," अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "रस्ते खोदलेलेच असायचे. नवा रस्ता पकडतो तोच खरा ड्रायव्हर." या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. माझ्या मते त्याच्याच जोरावर ते सकाळी उठत.

मी दातांची डॉक्टर. माझ्याकडे पोरं येतात ती दारापासूनच भोकाड पसरून. त्यांना बघायला काहीतरी हवं म्हणून त्या दिवशी मी दुकानात शिरले आणि थेट जिराफापाशी गेले. माणसाहून उंच, आणि चेहऱ्यावर पाहुण्यांना कंटाळलेल्या यजमानाचा भाव. माझ्या दवाखान्यात तो शोभला असता. पण त्याच्या कपाळावर लाल ठिपका होता. विकलेल्या मालाला वहिनी असा ठिपका चिकटवतात. गेल्या खेपेलाही तो होता, त्याच्या आधीही होता, आणि माझ्या जिभेला हाड नाही.

"वहिनी, याचा मालक आहे तरी कोण? मी यायला लागल्यापासून हा विकलेलाच आहे. तो पेटाराही, बुडाशी ठिपका आहे त्याच्या. आणि या गालिच्यांनाही पार तळाशी ठिपका आहेच."

वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं, पण बाण सुटला होता. खाटेवर रेडिओ ऐकत बसलेल्या अण्णांनी खटका बंद केला.

"सूनबाई, कसला ठिपका?"

"काही नाही हो अण्णा. डॉक्टरांचं आपलं काहीतरी."

"विकलेला माल इथं दुसऱ्या दिवशी नसतो. तूच सांगतेस ना मला?"

वहिनींना खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, इतके महिने रोज बोलतच होत्या. पण तोंडावर विचारल्यावर त्यांना जमेना. "तुमच्या वाटेवरचं मी काही विकत नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचं हलवते. एवढं नाही हलवत."

"कधीपासून?"

"तुम्ही पडलात ना, तेव्हापासून."

तेव्हा मला कळलं, ठिपका कपाळावर का ते. तिथवर अण्णांचा हात पोचत नव्हता.

अण्णा संतापले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज नुसता बारीक झाला. "म्हणजे मी रस्ता पकडतच नव्हतो. तू सिग्नल हिरवा करून ठेवत होतीस. आणि माझ्यापायी गिऱ्हाइकं परत लावत होतीस."

"लावली. मग काय बिघडलं?"

"मला विचारायचं होतंस गं एकदा." मग माझ्या दिशेनं तोंड करून ते म्हणाले, "डॉक्टर, घेऊन जा जिराफ. आत्ताच्या आत्ता."

मी म्हटलं, "राहू द्या अण्णा, मला तो बेडूकही चालेल."

"तुम्हाला बेडूक नकोय," अण्णा म्हणाले. खरंच नको होता.

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी स्टूल घेतलं, वर चढल्या आणि ठिपका नखानं खरवडून काढला. कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याला हाक मारली. जिराफ मान पुढे करून दारातून बाहेर पडला, आणि तो गाडीत चढतोय तोवर अण्णा खाटेवरून उठले.

"हात धुऊन येतो," ते म्हणाले.

वहिनी लगबगीनं पुढे झाल्या. मला वाटलं, त्यांचा हात धरतील. त्यांनी धरला नाही. जिराफ उभा असायचा त्या जागी जाऊन त्या स्वतः उभ्या राहिल्या, अगदी गप्प. अण्णा गालिचे, पेटारा करत आले. सवयीनं हात वर उचलला, तो हवेत गेला, खाली आला आणि वहिनींच्या खांद्यावर टेकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली.

"किती दिवस अशी उभी आहेस गं?" अण्णांनी विचारलं.

वहिनींचा बांध फुटला. "तुम्ही पडलात तर यांना काय सांगू मी? ते तिकडे पाण्यावर. इथं मी एकटी."

"सांग, म्हातारा आपल्या घरात फिरत होता." त्यांनी खांद्यावर थोपटलं आणि हात काढून घेतला. "हो बाजूला."

वहिनी बाजूला झाल्या. अण्णांनी भिंत चाचपली. फळीला धक्का लागला, तिच्यावरचा एक मुखवटा खाली पडला. मग नडगी कुठेतरी आपटली आणि ड्रायव्हर लोकच घालू शकतात अशी एक सणसणीत शिवी ऐकू आली. मी पुढे झाले तर वहिनींनी मान हलवून मला थांबवलं. त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले होते. न्हाणीतला नळ सुटल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे ते हात सुटले.