तक्रार: खीळ अडकते

वैद्यबुवा वैद्य नव्हते. ते लॅपटॉप दुरुस्त करायचे. मशीन उघडण्याआधी त्याच्या पाठीवर दोन बोटं ठेवून डोळे मिटायचे, म्हणून दुकानात सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. दुकानाच्या वरच छापखाना आहे, तिथे मी मुद्रितं तपासतो. दुपारी डोळे थकले की जिना उतरून त्यांच्या टेबलाशी बसतो. साहित्याची पदवी घेतली म्हणून ते मला कविराज म्हणतात. मी आजवर एकही कविता लिहिलेली नाही.

त्या दिवशी मी खाली आलो तेव्हा ते उभे होते. स्क्रूड्रायव्हर खिशात घालत होते, काढत होते, परत घालत होते.

"परत आलंय," ते म्हणाले.

टेबलावर कोर्टातल्या दुभाषीबाईंचा लॅपटॉप होता. बाई जबान्यांचे अनुवाद करायच्या आणि पाचच्या आत टेलिफोनच्या तारेवरून मुख्य कचेरीला पाठवायच्या. त्यासाठी लॅपटॉपच्या कडेच्या फटीत मोडेम कार्ड बसवलेलं होतं. फोन लागता लागता मशीन थिजायचं. दोन आठवड्यांत ही तिसरी खेप. दोन्ही वेळा वैद्यबुवांनी कार्ड काढून त्याच्या पिना साफ केल्या, परत बसवलं. मशीन दिवसभर नीट चालायचं. दुसऱ्या सकाळी सुरू केलं की पहिले पाढे पंचावन्न.

मालकांनी सकाळीच बजावलं होतं. चौथ्यांदा आलं तर टेबल भाच्याला. भाचा नुकताच कोर्स करून आला होता.

त्या टेबलाशी वैद्यबुवांना एकोणीस वर्षं झाली होती. सुरुवात रेडिओपासून. दुसऱ्या खोलीतून नुसता आवाज ऐकून ते कुठला भाग गेलाय ते सांगत, असं त्यांची बायको सांगायची. मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. घरी टीव्ही एवढा मोठ्याने लागायचा की बायको म्हणायची, "शेजाऱ्यांना बातम्या आपल्याकडून." मुलीचा फोन आला की ते रिसीव्हर बायकोकडे द्यायचे. "तूच बोल, मायलेकींचं मला काय कळतंय." आम्ही हसायचो.

"हाकांचं भांडण असेल का?" मी विचारलं.

हा शब्द त्यांचाच. मागे कार्डासोबतची पुस्तिका मी त्यांना मराठीत करून दिली होती. त्यात मी 'व्यत्यय' लिहिलं होतं. ते म्हणाले, "व्यत्यय कसला? हाक आहे ती. आतल्या प्रत्येकाला एक नंबर असतो, त्या नंबरावरून तो मुख्य चिपला हाक मारतो. दोघांनी एकाच नंबरावरून हाक मारली, की चिप कुणाकडेच बघत नाही." मी मुकाट्याने खोडलं.

"असेल," ते म्हणाले. "पण कुणाकुणाचं? नंबरांच्या यादीत सगळे शहाण्यासारखे बसलेत. मोडेमपुढे नुसतं 'आपोआप' लिहिलंय."

साडेतीनला बाई आल्या. बसल्या नाहीत. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर करत राहिल्या.

"पाचला कचेरी बंद होते हो."

"बघतोय ना, बाई."

त्यांनी फोनची तार जोडली, मशीनवर दोन बोटं ठेवली, नंबर फिरवला. मोडेमची शीळ सुरू झाली. अख्ख्या दुकानात घुसणारी, दातांत शिरणारी. मग ती अडकली. पडदा थिजला. बाईंनी कानांवर हात ठेवले.

"अडकली," मी म्हणालो.

"काय?"

"शीळ."

"कसली खीळ?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत. ते माझ्या ओठांकडे बघत होते. लॅपटॉप अजून कोकलत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

बोटं. टीव्ही. मुलीचे फोन. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसत होतो.

मशीनला तक्रारीची चिठ्ठी लटकत होती. मी वाचली. त्यांच्याच अक्षरात होतं: खीळ अडकते.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "शीळ अडकते."

मी चिठ्ठीतल्या 'खी'वर काट मारली आणि समासात 'शी' लिहिला. दिवसभर तेच तर करतो. चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी 'शी'वर बोट टेकवलं.

"मला वाटलं, बाई शुद्ध बोलतात," ते हळूच म्हणाले. "पिनेला खीळ म्हणत असतील."

मग मागे, मालकांच्या दाराकडे बघितलं. माझ्याकडे वळले.

"कसा आहे आवाज? सांग."

"तुटका. व्याकुळ—"

"ए, कविता नको. खरखर की किरकिर?"

"किरकिर."

"सलग?"

"आधी सलग. मग एकच तुकडा. टर्र, टर्र, टर्र. तोच तो."

ते खाली बसले. त्या दुपारी पहिल्यांदा.

"साउंड कार्ड," ते म्हणाले. "त्याच्याशी भांडतंय. म्हणून तोच तुकडा परत परत. मी कार्ड काढून घातलं की दिवसापुरता दुसरा नंबर मिळायचा. सकाळी पुन्हा दोघं पाच नंबरावर."

आता त्यांची बोटं थांबेनात. तीन नंबर इन्फ्रारेडकडे होता, म्हणजे मशीनच्या कडेच्या काळपट लाल काचेकडे. तो त्यांनी बंद केला आणि तीन मोडेमला दिला.

"त्याने काही बिघडणार नाही ना?" बाईंनी विचारलं. या वेळी समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून.

"नाही, बाई. त्याने कधी हाक मारलीच नाही. नुसती जागा अडवून बसला होता."

दोनदा मशीन बंद करून चालू केलं. पावणेपाचला नंबर फिरवला. ते माझ्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही. शीळ. दुसरी शीळ. फसफस. शांतता.

"लागला," मी म्हणालो.

पाचला सहा मिनिटं असताना जबानी गेली. बाई मशीन काखेत मारून निघाल्या.

मालक मागून आले. "वैद्यबुवा, आधी दोनदा काय चुकलं होतं?"

ते वळले नाहीत. मी कोपराला हात लावला, तेव्हा वळले. मालकांनी पुन्हा विचारलं.

"ऐकू आलं नाही," वैद्यबुवा म्हणाले.

मालकांनी आवाज चढवला. "म्हटलं, चुकलं काय होतं?"

"तेच सांगतोय, मालक. ऐकू आलं नाही. बाई शीळ म्हणाल्या, मी खीळ लिहिलं. वर्ष झालं, बारीक आवाज येत नाहीत."

मालकांनी टेबलावरची चिठ्ठी उचलली. वाचली. माझी काट बघितली. चिठ्ठी खिशात घातली आणि पाठ फिरवून चालायला लागले. जाता जाता काहीतरी बोलले.

वैद्यबुवांनी स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला, परत घातला.

"काय म्हणाले?"

मी त्यांच्यासमोर वाकलो. "तक्रारी लिहून घ्यायला भाच्याला बसवतो म्हणाले. टेबल तुमचंच."

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "मला दिसतंय."

मग म्हणाले, "परत म्हण."