पावणेसहाचा डाव

औंढ्याच्या बसस्टँडवर फकीर चाचांना सलाम केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि चाचांनी कुणाचा सलाम घेतलेला अजून तरी कुणी पाहिला नाही. एकतीस वर्षं ते इथे कंट्रोलर होते. गाडी आल्याची वेळ बघायचे आणि ती वाटेत कुठे किती मिनिटं रेंगाळली, ड्रायव्हर कुठल्या हॉटेलात भजी खात बसला होता, हे खुर्चीवरून न उठता सांगायचे. ड्रायव्हर त्यांना टरकून असत. नोकरी संपली तशा गाड्या हातून गेल्या, पण लोकांना पाण्यात पाहायची सवय गेली नाही. ती सगळीच्या सगळी बुद्धिबळाच्या वाट्याला आली.

बुद्धिबळ त्यांना खरंच येत होतं. पण एकदा, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ते हिंगोलीला जिल्ह्याच्या स्पर्धेला गेले. तिथल्या शहाण्यांनी औंढ्याचा माणूस म्हणून त्यांना मोरीजवळच्या शेवटच्या टेबलावर बसवलं आणि चहाच्या वेळी 'नागनाथवाले' म्हणून दात काढले. चाचा पुन्हा त्या हॉलची पायरी चढले नाहीत. औंढ्याचा एक तरी खेळाडू तिथे पहिल्या टेबलावर बसलेला मरायच्या आत बघायचा, एवढी एकच इच्छा या तिरसट माणसाच्या पोटात होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगावी असा माणूसच त्यांना औंढ्यात दिसत नव्हता.

मोबाइलवर खेळणाऱ्यांना तर ते खेळाडू धरतच नसत. "काच पुसणारे," म्हणायचे.

अशा माणसाकडे दिपक राठोड आला. देवळाच्या गल्लीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, राहायला गावाबाहेरच्या तांड्यावर. ऑनलाइन बुद्धिबळात त्याचं रेटिंग एकवीसशेच्या वर गेलं होतं आणि आसपास तेवढं कुणाचंच नव्हतं. झालं! तरुण मंडळानं फेटा बांधून सत्कार केला. चौकात बॅनर लागला, त्यावर दिपक काळा चष्मा लावून एका घोड्याकडे बघतोय, आणि घोडा बुद्धिबळातला नाही, लग्नाच्या वरातीतला. छापणाऱ्याला जो सापडला तो त्यानं लावला, आणि दिपकला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"चाचा, पुढच्या म्हैन्यात हिंगोलीला स्पर्धा हाय. मंडळानं नाव देऊन टाकलंय माझं," दिपक म्हणाला. "खेळ तर तयारच हाय आपला. थोडं पॉलिश मारून द्या."

"पॉलिश बुटाला मारतेत," चाचा म्हणाले. "शेवटचे चाळीस डाव कागदावर छापून आण. चालीगणिक घड्याळ छापून येतं म्हणतेत, ते बी आण. फोन मला दाखवू नको."

दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला. चाचांनी तो नाक मुरडत हातात घेतला. पहिले दोन डाव बघितले, चष्मा पुसला, आणि घरातला पट काढून एकेक चाल मांडायला बसले. जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. खेळणारा कुणीही असो, त्याला पट दिसत होता. उंटासाठी जागा मोकळी करायला तो तीन चाली आधीपासून प्यादं हलवत होता. हत्ती कुठे उभा करायचा हे त्याला कुणी शिकवल्यासारखं वाटत नव्हतं, ते त्याच्या हाडातच होतं. चाचांना संताप आला. असला खेळ त्या बॅनरवाल्याच्या डोक्यात देवानं भरावा, हे त्यांना मुळीच पटलं नाही.

मग ते हरलेल्या डावांकडे वळले. चाळीसांत अकरा हार. त्यांतल्या दोन खऱ्या. बाकीच्या नऊ डावांत हा माणूस जिंकत आलेला, घड्याळात पाच-सहा मिनिटं शिल्लक, आणि पुढे चालच नाही. घड्याळ आपलं संपून गेलेलं. शिवाय त्याच्या आधीच्या आठ-दहा चाली घाईच्या. वजिराला वजीर मारून डाव सोपा करायचा सोडून हा मात करायला धावत सुटलेला, जणू मागून कुणी हाकलतंय. चाचांनी नऊही कागदांवरची वेळ बघितली. पाच त्रेचाळीस. पाच सेहेचाळीस. पाच पंचेचाळीस. आयुष्यभर रेंगाळलेल्या गाड्या धरणारा माणूस तो. ही गाडी रोज एकाच थांब्यावर अडत होती.

संध्याकाळी पावणेसहाला चाचा मुद्दाम देवळाच्या गल्लीत गेले. दिपक दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत होता. फोन खिशात, गिऱ्हाईक नाही, चेहऱ्यावर सत्कार झालेल्या माणसाचं तेज. चाचांनी पट तिथेच काउंटरवर मांडला आणि त्याला खेळायला बसवलं. सतराव्या चालीला दिपकवर मात झाली. तोवर त्यानं दोनदा उंट सरळ रेषेत चालवायचा प्रयत्न केला होता.

"समोर पट असला की जमत न्हाई चाचा. सवय स्क्रीनची हाय ना."

"व्हय, व्हय. स्क्रीनवर उंट सरळ चालतो," चाचा म्हणाले. "मला एक सांग. पावणेसहाला तुझ्या घरी काय असतं?"

"काय असनार? धारेची येळ. सव्वासहाला दूधगाडी येती तांड्यावर."

"म्हैस कोण पिळतं?"

"मिना. माझी बायको."

"अन् तुझा जुना फोन कुणाकडं हाय?"

दिपकनं चहाचा कप खाली ठेवला. मग त्यानं गल्लीकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. एवढंच त्याला सुचलं. बायकोचे डाव स्वतःच्या नावावर मिरवले याची शरम त्याला शिवलीसुद्धा नाही. "खातं माझंच हाय चाचा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी बारा डाव खेळलो होतो सुरुवातीला."

"ते बारा तुझ्या तोंडावरच दिसून राहिले," चाचा म्हणाले, आणि लुना काढून तांड्याकडे निघाले.

मिना गोठ्यापुढे बादली विसळत होती. तिशीतली बाई, हाडापेरानं मजबूत. आश्रमशाळेत असताना ती जिल्ह्याला बुद्धिबळ खेळून आली होती, हे नंतर कळलं. चाचांनी ओळखपाळख न करता गठ्ठा पुढे केला. "हे तुझे डाव?"

तिनं ओले हात पदराला पुसले, दोन कागद बघितले. "व्हय. माझेच."

"घाणेरडे हायेत. जिंकलेला डाव असा हागवणीवानी घाई करून नासवतेत का?"

"चाचा, म्हैस पान्हावली की थांबत न्हाई," मिना म्हणाली. "अन् दूधगाडी बी थांबत न्हाई. आता वजीर मारून घेतला तर डाव लांबतो. मंग उठावंच लागतं, अन् आपोआप हारते. म्हनून घाई करते."

बाजेवर त्यांनी पट मांडला. चाचा अडतीस चालींत हरले, आणि हरल्यावर पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शिवी बाहेर पडली नाही. हा बॅनर, तो फेटा, हे सगळं तू चालू कसं दिलंस, असं त्यांनी विचारलं.

"मला काय करायचा फेटा? फोन त्यायचा, नाव त्यायचं. असू द्या म्हनलं." मग ती जरा थांबली. "मला फक्त एक डाव पुरा खेळायचाय चाचा. मधातून न उठता. मंग हारले तरी चालंल."

चाचांनी त्या गठ्ठ्याच्या पाठीवर तिथल्या तिथे मूल्यमापन लिहून टाकलं: खेळाडू उत्तम. दोष गोठ्यात. आणि सुधारणा सुरू केली ती दिपकपासून.

म्हणजे असं की, दुसऱ्या दिवसापासून रोज पावणेसहाला दिपक राठोड, फेटेवाला, म्हशीखाली बसायला लागला आणि डोक्याशी फकीर चाचा उभे राहायला लागले. धमकी साधी होती. धार शिकला नाहीस तर स्पर्धेला तूच जायचं, पटापुढे बसायचं, आणि उंट सरळ चालवायचा, मंडळाच्या सगळ्या पोरांसमोर. त्यापेक्षा मंडळाला तब्येतीचं कारण सांगून मिनाचं नाव घालणं दिपकला सोपं वाटलं. नाव बदलून झालं.

"अंगठा आत घे! खाली-पीली ओरबाडून काहून राहिला? ती काय मोबाइल हाय का, बोट फिरवलं की चालू व्हायला?" चाचा खेकसायचे. म्हशीचंही दिपकबद्दल मत चांगलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं त्याला लाथ हाणली तेव्हा चाचांनी तिच्या पाठीवर थाप मारली. बाजेवर पट असायचा आणि मिना त्याच्यापुढे. वजीर मारून घे, डाव लांबू दे, तुझ्याकडे वेळ आहे, एवढं एकच चाचा तिला सांगत. पहिले काही दिवस म्हैस हंबरली की तिचं शरीर आपोआप अर्धं उठायचं. चाचा तिला शिव्या देऊन खाली बसवायचे. पंधरवड्यानं दिपकला अर्धी बादली काढता येऊ लागली, आणि मिना पावणेसहाला बसून राहायला शिकली.

हिंगोलीच्या हॉलमध्ये सकाळी मिनाला शेवटचं टेबल मिळालं. मोरी अजून तिथेच होती. पहिल्या फेरीत तिनं एका कॉलेजच्या पोराला घरी पाठवलं, दुसऱ्या फेरीत एका वकिलाला. चौथी फेरी संपली तेव्हा सगळे डाव जिंकलेले दोघंच उरले होते. पाच वाजता शेवटच्या फेरीला पहिल्या टेबलावर तीन वर्षांचा जिल्हाविजेता बसला, आणि त्याच्यासमोर औंढ्याची मिना राठोड. चाचा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आजूबाजूच्या शहाण्यांकडे असं बघितलं की दोघंजण उगाच बाजूला सरकले.

पाच चाळीसला मिनानं वजिराला वजीर मारला. तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं, हत्ती चांगल्या जागी होता आणि घड्याळात बारा मिनिटं होती. हा डाव सबुरीनं खेळणाऱ्याचा होता. जिल्हाविजेता घामेजला होता.

आणि तेवढ्यात दारातून हाक आली. "मिना! ए मिना!"

दिपक होता. पँटवर दूध सांडलेलं, एका पायानं लंगडत. "चाल घरी! येळ लागतो म्हनून साडेचारलाच धारेला बसलो, तर बादली लवंडली तिनं! कुनालाच जवळ येऊ देईना!" हिंगोलीहून तांड्यावर पोचायला पाऊण तास, दूधगाडी सव्वासहाला, एवढा साधा हिशेब ज्याला जमत नाही तो माणूस ह्या बाईच्या डावांवर स्वतःचं नाव लावून वर्षभर मास्टर म्हणून फिरला होता. चाचांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांना हलता येईना, कारण ते मिनाकडे बघत होते. तिच्या डोळ्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पावणेसहा. तिची पाठ ताठ झाली, खुर्ची मागे करकरली, आणि चाचांना वाटलं, ही उठली. एवढी वर्षं त्यांनी जगाला नालायक म्हटलं होतं, आज पहिल्यांदा त्यांना आपलं म्हणणं खोटं ठरावंसं वाटत होतं.

"मिना, ऐकून राहिली का न्हाई?" दिपक आत घुसू लागला.

मिनानं हात वर केला. पंच लगबगीनं टेबलापाशी आला.

"सर," ती म्हणाली, "दाराशी एक मानूस ओरडून राहिलाय. डावात तकलीफ होऊन राहिली."

पंचानं दाराकडे बघितलं. "तुमच्याबरोबरचा आहे का? ओळखता तुम्ही याला?"

सगळा हॉल मिनाकडे बघत होता. तिनं दिपककडे बघितलं, त्याच्या ओल्या पँटकडे बघितलं, अगदी सावकाश, घड्याळात बारा मिनिटं असलेल्या माणसानं बघावं तसं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून पटावर वाकली.